तिसरा दगड

“म्हण,” मानसिंग म्हणाला.

मी ओढ्याच्या चिखलात उताणा पडलो होतो आणि गाडी माझ्या पायावर आडवी होती. लागलं काहीच नव्हतं. चिखल मऊ होता, पाय त्यात नुसता रुतला होता. समोरच्या दरडीवर तिघं उभे. मानसिंगनं हेल्मेट काढून सिगारेट पेटवली होती, मुश्ताक पोट धरून हसत होता आणि बिपीन त्याचा नवा कॅमेरा पिशवीतून बाहेर काढत होता.

“म्हण की लेका. सिगारेट संपत आली.”

“नाही म्हणत.”

“का रं?”

“माझी मर्जी.”

मुश्ताकचं हसू जागच्या जागी थांबलं. असं कोणी आजवर बोललं नव्हतं.

आमच्या टोळक्याचा एक कायदा होता. दर रविवारी आम्ही चौघं कोल्हापुरातून निघायचो आणि बावड्याच्या अंगाला, जिथं गुराखीही जपून पाय टाकतात, तिथं गाड्या घालायचो. पडणं तर ठरलेलंच. जो पडेल त्याला आधी हसायचं, मग उचलायचं. आणि उचलायच्या आधी त्यानं मातीला हात लावून मोठ्यानं म्हणायचं, ‘डोंगर मोठा, मी छोटा.’ म्हटल्याशिवाय कोणी हात द्यायचा नाही. हे मानसिंगनं तालमीतून आणलेलं. त्याच्या वस्तादांची शिस्त अशी की चितपट झालेल्या पोरानं मातीला हात लावून नमस्कार केल्याशिवाय उठायचं नाही. “जे पडतंय ते गर्वानं पडतंय,” मानसिंग म्हणायचा. “गर्व खाली ठेवला की पुढचा चढ बरोबर चढतंय.”

खोटं कशाला बोलू, त्या कायद्यानं आमचं भलंच केलं होतं. पडलेला माणूस आधी घाबरतो, मग चिडतो. हसण्यात दोन्ही निघून जायचं. मी ते वाक्य इतक्या वेळा म्हटलं होतं की झोपेतही म्हणालो असतो. मुश्ताक तर पडायच्या आधीच म्हणायला लागायचा. फक्त मानसिंगच्या तोंडून ते कोणी ऐकलं नव्हतं, कारण मानसिंग कधी पडलाच नव्हता. गुळाच्या अडत्याचा हा पोरगा, उंचीनं बेताचा, मानेनं बैल. गाडी त्याच्याखाली गरीब होऊन जायची.

त्या दिवशी मी म्हटलं नाही, कारण आमचं सकाळपासूनच बिनसलं होतं. गाडी मी विकली होती. साखरपुडा झाला होता, पुण्यात नोकरी लागली होती आणि सोमवारी माझी गाडी सांगलीच्या कोणातरी पोराकडं जायची होती. मानसिंगला मी स्वतः सांगणार होतो, पण तोंड उघडायला मुहूर्त सापडेना. शेवटी त्याला ते आदल्या संध्याकाळी मुश्ताककडून कळलं. माझी आणि मानसिंगची गाडी जुळी होती. मुश्ताकच्या शिरोली नाक्यावरच्या गॅरेजात, एकाच भंगारातून, एका पावसाळ्यात आम्ही त्या दोघी उभ्या केल्या होत्या. मुश्ताकचं डोकं आणि आमचे हात. त्यातली एक मी त्याला न विचारता विकून मोकळा झालो होतो, आणि सकाळी चहाच्या टपरीवर त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नव्हतं.

“गाडी विकणाऱ्याला डोंगर छोटाच वाटणार,” तो दरडीवरून म्हणाला.

“गाडी माझी आहे. विकीन नाहीतर जाळीन.”

“जाळ की. ही घे.”

त्यानं सिगारेटचं थोटूक बोटानं उडवलं. ते माझ्या टाकीजवळ चिखलात पडलं आणि चर्र करून विझलं. ही त्याची नेहमीची खोड. पडलेल्याच्या पुढ्यात उभं राहून एक सिगारेट ओढायची आणि शेवटचं थोटूक त्याच्या अंगावर उडवायचं. चिखलात, पाण्यात जायचं, विझायचं. कोणी ते मनावर घेत नसे.

मी कोपरांवर जोर देऊन पाय उपसला आणि गाडी एकट्यानं उभी केली. जीव अर्धा झाला, पण कोणाला बोलावलं नाही. बिपीननं काढलेले फोटो गुपचूप पिशवीत ठेवले.

“बघा,” मानसिंग त्या दोघांना म्हणाला, माझ्याशी नाही. “आता हा परत पडला तर म्हटल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. माझी शपथ हाय.”

“मर्दा, असल्या कारणाला शपथ घालत्यात व्हय?” मुश्ताक म्हणाला.

“घातली.”

पुढच्या सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, एका आवळ्याखाली थांबलो. दिवाळी होऊन गेली होती, झाड लगडलेलं. मुश्ताकला आमच्यातलं ते मौन सोसवेना. त्यानं मला डिवचलं, “धैर्या, पाड की चार. का नेमपण विकलास?”

लहानपणापासून माझा नेम बरा. घरामागं दुसऱ्याची आमराई होती आणि पडलेली, फुटलेली कैरी आई घरात घेत नसे. म्हणून मी देठावर मारायला शिकलो. मी खडा उचलला, मारला, एक डहाळी तुटून खाली आली. आवळे अखंड. मानसिंगनं एक उचलून पँटला पुसला, चावला.

“देठ तोडतंय, फळाला ओरखडा नाही,” तो आवळ्याकडं बघत म्हणाला. “हे काय पुण्यात कामाला येणार हाय?”

तेव्हा मी हसलो असतो तर सगळं तिथंच मिटलं असतं. तो जवळ आला होता, अर्धं पाऊल का होईना. पण मला वाटलं, अजून थोडा झुरू दे त्याला. मी हेल्मेट चढवलं आणि किक मारली.

सड्याच्या शेवटी एक चढ आहे. त्याला आम्ही सासरवाडी म्हणायचो, कारण तिथं जाताना सगळ्यांच्याच छातीत धडधडायचं. सुटे दगड, मध्ये जांभ्याचा कातळ आणि डाव्या हाताला एक कोरडी घळ, दोन पुरुष खोल. वर सपाटी. मानसिंग आधी चढला, इंजिनाचा आवाजही फारसा न वाढवता. मागून मुश्ताक. बिपीन दोनदा अडकला, पण गेला. मी शेवटचा.

मी रागात होतो. पहिल्या गिअरमध्ये रांगत जायची जागा ती, मी दुसऱ्यात पूर्ण मूठ पिळून गेलो. अर्धा चढ एका दमात सर झाला. मग पुढचं चाक एका दगडावर आपटलं, गाडी उभी राहिली, आणि माझ्या डोळ्यांसमोर नुसतं आभाळ आलं. मी डावीकडं घळीत फेकलो गेलो. पाठ कातळावर आदळली, आणि मागोमाग गाडी आली.

हँडलचं टोक हेल्मेटच्या हनुवटीखालून घुसलं आणि गळ्यावर बसलं. आत काहीतरी मोडल्याचं मला कळलं, कारण तो आवाज मी कानानं नाही, हाडांनी ऐकला. डावा हात गाडीखाली गेला होता. उजवा पाय सायलेन्सरखाली. टू-स्ट्रोक गाडीचा सायलेन्सर चढ चढून आल्यावर किती तापतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही. आधी पँटचं नायलॉन वितळलं. मग पोटरी. पहिला क्षण काहीच जाणवलं नाही, आणि मग ती आग पायातून वर डोक्यापर्यंत आली. मी ओरडलो.

आवाज आला नाही. फुटक्या भात्यातून हवा जावी तसं फुस्स झालं आणि तोंडात रक्त आलं. मी पुन्हा ओरडलो, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून. पुन्हा फुस्स.

वर इंजिनं बंद झाली. घळीच्या काठावर तीन डोकी दिसली, मग तीन माणसं. हेल्मेटं काढलेली, घामानं केस चिकटलेले. आणि ते हसायला लागले.

मी त्यांना दोष देत नाही, आज देत नाही. त्यांना काय दिसत होतं? चिखलानं माखलेलं हेल्मेट, गॉगल, करवीच्या झुडपात अर्धी बुडालेली गाडी आणि खाली आडवा पडलेला मी. पाय झुडपात. चेहरा नाही. आवाज नाही.

“सासऱ्यानं ढकलून दिला,” मुश्ताक म्हणाला आणि मांडीवर थाप मारली.

“थांब, थांब, हलू नको,” बिपीन कॅमेरा डोळ्याला लावत म्हणाला. जणू मला हलता येत होतं.

“म्हण,” मानसिंग म्हणाला.

मी ओठ हलवले. डोंगर मोठा, मी छोटा. मी म्हटलं, देवाशपथ म्हटलं. हेल्मेटच्या आत माझ्याच कानांना ते ऐकू आलं नाही.

“बघितलंस? अजून ताठा उतरला नाही,” मानसिंग म्हणाला. “असू दे. आपल्याला काय घाई हाय?”

उजवा हात मोकळा होता. मी तो हलवला, या, खाली या. मुश्ताक म्हणाला, “जावा म्हणतोय आपल्याला.” मी बोटं गळ्याकडं नेली, गळा दाखवला. बिपीन हसत सुटला. “गळा चिरीन म्हणतोय. आयला, पुणेकर लई तापला.” मी हात खाली आपटला. तेही त्यांना तापणंच वाटलं.

पोटरीतून वास येत होता. तो वास मी ओळखला आणि मला मळमळलं. आडवं पडून, तोंडात रक्त असताना ओकारी आली तर गुदमरून मरू एवढं भान होतं. मी मान वळवली. आणि तेव्हा मला दुसरं काहीतरी जाणवलं. छातीवर गार लागत होतं. टाकीच्या खालची नळी सुटली होती आणि पेट्रोल ठिबकत होतं. माझ्या सदऱ्यावर, तिथून काखेत, तिथून खाली दगडांवर. मधूनच एखादा थेंब सायलेन्सरवर पडायचा आणि सुंई करून उडून जायचा. गाडी अजून पेटली नव्हती हे माझं नशीब. वर त्यांच्या तीन तापलेल्या गाड्या उभ्या होत्या, सगळीकडं तोच वास, त्यांना वेगळं काय कळणार.

मानसिंगनं खिशातून पाकीट काढलं.

त्यानं सिगारेट ओठात धरली, वारा होता म्हणून काडी दोन्ही तळव्यांच्या आडोशात पेटवली, आणि काडी मागं टाकली. त्या काडीनं मला जीवदान दिलं. ती पुढं टाकली असती तर ही गोष्ट सांगायला मी नसतो. त्यानं एक झुरका घेतला, उकिडवा बसला आणि काठावरून माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ओढ्याच्या दरडीवर होता तसाच निवांत. मला ठाऊक होतं, सिगारेट संपली की ते थोटूक तो कुठं उडवणार.

एवढी भीती मला आयुष्यात पुन्हा वाटली नाही. आणि खरं सांगायचं तर एवढा द्वेषही नाही. तिघांचाही, पण त्याचा सगळ्यांत जास्त. ज्याच्याबरोबर तालमीबाहेर बसून दूध प्यायलो, ज्याच्या बापानं माझी कॉलेजची फी भरताना मागंपुढं पाहिलं नाही, तो माणूस दोन पुरुष वर बसून मला जळताना बघत होता, आणि त्याला ते ठाऊकसुद्धा नव्हतं.

हाताला दगड लागत होते. मी एक उचलला आणि काठावरून पुढं आलेल्या त्याच्या गाडीच्या मडगार्डवर मारला. ठण्ण वाजलं. तिघंही आणखी हसले.

“ए, तुझी विकली म्हणून माझी फोडतोस व्हय?” मानसिंग म्हणाला.

दुसरा मी मुश्ताकच्या बुटावर मारला. त्याला लागला नाही, बूट जाड होता. त्यानं उडी मारून नाचल्यासारखं केलं. “नेम शाबूत हाय बघ ह्याचा. म्हणजे पडलाय मजेत.”

तिथं मला कळलं की माझा नेमच माझ्या मुळावर आला होता. जो माणूस बुटाच्या टोकाला दगड मारतो, तो संकटात कसा असेल? त्यांना वाटलं मी खेळतोय. साधा दगड त्यांना खाली आणणार नव्हता.

सिगारेट अर्ध्याच्या खाली आली होती. मानसिंग झुरका घ्यायचा, मग सिगारेट धरलेला हात गुडघ्यावर टेकवायचा. तो हात घळीच्या वर, बरोबर माझ्या वर यायचा. मी तिसरा दगड उचलला. लिंबाएवढा, एका बाजूनं धारेचा. मी थांबलो. पायाची आग एवढी की डोळ्यांपुढं काळं येत होतं, तरी थांबलो. त्यानं हात वर नेला, सिगारेट ओठात धरली, झुरका घेताना डोळे किंचित बारीक केले.

मी मारला.

दगड डाव्या डोळ्यावर बसला. आवाज ओला होता. मानसिंग मागच्या मागं कोसळला, सिगारेटसकट. पहिल्यांदाच कोणीतरी त्याला पडलेलं पाहिलं. क्षणभर वर काहीच दिसेना, नुसतं मुश्ताकचं “या अल्ला, या अल्ला” ऐकू येत होतं. मग मानसिंग उठला. डोळ्यावर हात, बोटांमधून रक्त मनगटापर्यंत ओघळलेलं.

“तुझ्यायला,” तो एवढंच म्हणाला आणि घळीत उतरला. उतरला कसला, घसरत, आपटत आला. मुश्ताकनं त्याला धरायला हात घातला तो त्यानं झटकला. तो माझ्या डोक्याशी गुडघे टेकून बसला आणि मारायला लागला. पैलवानाचा हात तो. पहिला बुक्का हेल्मेटवर बसला, दुसरा गॉगलवर. काच फुटून माझ्या गालात घुसली. “डोळ्यावर मारतोस? माझ्या डोळ्यावर?” प्रत्येक शब्दाला एक बुक्का. त्याच्या डोळ्यातलं रक्त माझ्या तोंडावर पडत होतं. “म्हण! म्हण आता! मेलास तरी सोडत नाही, म्हण!”

त्यानं हेल्मेटची पट्टी ओढली आणि हेल्मेट खेचून काढलं, तोंडावर मारता यावं म्हणून. आणि मूठ वर घेतली.

मी तोंड उघडलं. आतून रक्ताचा फेस आला आणि ती फुस्स.

मूठ तशीच वर राहिली. त्यानं एका डोळ्यानं माझ्या गळ्याकडं पाहिलं. तो एवढ्यात सुजून हनुवटीला भिडला होता. मग त्याचा हात माझ्या छातीवर टेकला, ओला झाला, आणि त्यानं तो नाकाशी नेला. मग त्यानं मान वळवून झुडपात माझ्या पायाकडं पाहिलं.

त्यानंतर त्याच्या तोंडातून जो आवाज आला तो माणसाचा नव्हता. वर बघून तो ओरडला, “मुश्ताक, खाली ये. बिपीन, सिगारेट विझव, बुटाखाली घाल. पेट्रोल हाय.” आणि ते दोघं यायच्या आत त्यानं ती गाडी एकट्यानं उचलली. तापलेला सायलेन्सर उघड्या हातांनी धरून. त्याच्या तळव्यांची कातडी त्याला चिकटून राहिली. माझ्या पोटरीची तर आधीच राहिली होती. गाडी उचलली गेली तेव्हा मला शुद्ध होती याचं मला आजही वाईट वाटतं.

मुश्ताकनं मला आपल्या गाडीवर मध्ये घेतलं, मागून बिपीननं मिठी मारून धरलं. बिपीनचं औषधांचं दुकान, पण त्या दिवशी पिशवीत कॅमेऱ्याशिवाय काही नव्हतं. तो वाटभर माझ्या कानाशी रडत होता. मानसिंग पुढं होता. डोळ्यावर रुमाल बांधलेला, हातांना झाडपाला, आणि एका डोळ्यानं तो सासरवाडी उतरला.

दवाखान्यात आम्हाला शेजारी शेजारी झोपवलं. माझ्या गळ्यात नळी घालायची घाई चालली होती. डॉक्टरनं मानसिंगला विचारलं, “डोळ्याला कसं लागलं?”

“करवीची काटकी घुसली.”

“काटकीनं असं होत नाही.”

“माझ्या डोळ्यात घुसली का तुमच्या?”

मी ऐकत होतो. मला बोलता येत नव्हतं. पुढं कितीतरी दिवस आलं नाही, आणि आलं तेव्हा ते असं आलं. आता जे आहे तसं, खरखरीत. लग्नात लोक विचारायचे, जावयाला सर्दी झालीय का. डोळा गेला तो गेलाच. मुश्ताक आणि बिपीनही काटकीच सांगायला लागले. ‘डोंगर मोठा’चा तो पाढा त्या दिवसापासून बंद झाला. मी पुण्याला गेलो. मानसिंग लग्नाला आला, काळा चष्मा लावून, जेवला, अहेर केला, गेला. भांडण नव्हतं. पण तो माझ्याशी लोकांशी बोलतो तसं बोलायचा, आणि त्याचं मला भांडणापेक्षा जास्त लागायचं.

बऱ्याच वर्षांनी, वडिलांच्या वर्षश्राद्धाला कोल्हापूरला गेलो असताना मुश्ताकच्या गॅरेजात डोकावलो. मुश्ताक कुठंतरी बंद पडलेली गाडी आणायला गेला होता. आत मानसिंग एकटा बसला होता, ठेंगण्या स्टुलावर. त्याच्या मागं ताडपत्री झाकलेल्या दोन गाड्या. एक त्याची. दुसरी मी विकलेली. ती सांगलीला गेलीच नव्हती, त्यानंच त्या पोराकडून सोडवून घेतली होती. हे मला तेव्हा कळलं.

मी समोरच्या टायरवर बसलो. पोराबाळांचं बोलून झालं. मग तो म्हणाला, “धैर्या, एक विचारू?”

“विचार.”

“आवळ्याचं देठ तोडणारा माणूस तू. त्या दिवशी मडगार्डला मारलास, मडगार्डला लागला. मुश्ताकच्या बुटाला मारलास, बुटाला लागला. तिसरा डोळ्यालाच मारला होतास नव्हं?”

काटकीचं एवढी वर्षं आम्ही सगळ्यांनीच सांभाळलं होतं. तेच पुढं चालवता आलं असतं.

“डोळ्यालाच,” मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. त्याला नवल वाटलं नाही. “मला म्हाईत होतं. वाटलंच होतं. गाडीवरनं मी तुला सकाळपासनं टोचत होतो, खाली पाडून ठेवलं, हसलो. तू राग काढलास. मी म्हटलं, फिटंफाट. तुझी पोटरी, माझा डोळा. म्हणून कधी विचारलं नाही.”

“राग होता,” मी म्हणालो. “पण दगड त्याचा नव्हता.”

“मग?”

“अंगावर पेट्रोल होतं. तुझ्या हातात सिगारेट होती. तू थोटूक माझ्यावर उडवणार होतास, ओढ्यात उडवलं होतंस तसं.”

“मग हातावर मारायचास.”

“हात माझ्या वर होता. हातावर मारला असता तर सिगारेट माझ्यावर पडली असती. म्हणून ती तुझ्या तोंडात जायची वाट बघितली. कपाळावर मारला असता तर तू नुसता हसला असतास, तुझं कपाळ मला ठाऊक आहे. तू मागं पडायला हवा होतास. आणि खाली यायला हवा होतास.”

“वाट बघितलीस?”

“बघितली.”

“पाय जळत असताना?”

“हो.”

बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं, मुश्ताकच्या नावानं हाक मारत होतं, आणि मानसिंग ऐकत नव्हता. चष्मा काढून त्यानं गुडघ्यावर ठेवला. मिटलेल्या पापणीखालची खोबण मी पहिल्यांदाच एवढ्या जवळून पाहत होतो. उघड्या डोळ्यातून पाणी येत होतं आणि ते त्यानं पुसलं नाही.

“म्हणजे फिटंफाट झालीच नव्हती,” तो म्हणाला. “मी तुला जाळणार होतो. आणि वर तुलाच बुक्क्या घातल्या.”

“तुला ठाऊक नव्हतं.”

“ते खरं. पण केलं मीच.”

तो स्टुलावरून उतरला. गुडघे आता तालमीतले राहिले नव्हते, खाली बसताना त्यानं ताडपत्रीला धरलं. गॅरेजातली ती ऑइलनं काळी झालेली फरशी. तिच्यावर त्यानं पुरा तळवा टेकवला; तळव्याची कातडी अजून गुळगुळीत, रेघा नसलेली. आणि आयुष्यात कधी न म्हटलेलं वाक्य तो मोठ्यानं म्हणाला, रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

“डोंगर मोठा, मी छोटा.”

मी टायरवरून उठलो आणि त्याला हात दिला.